चाकू द्यायचा की कपाटात ठेवायचा?

पत्र: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याच्या मामाने त्याला घडीचा पॉकेट नाईफ दिला. तेव्हापासून रोज विचारतो, आई मला कधी देणार. नवऱ्याचं म्हणणं, बारा वर्षांचा होईपर्यंत तो कपाटात राहील. माझा भाऊ म्हणतो, हातात दिल्याशिवाय येणार कसं. मुलगा समजूतदार आहे, पण धांदरट आहे, आणि चिडला की हातात असेल ते फेकतो. घरात पाच वर्षांची धाकटी पण आहे, दादा करेल ते तिला करायचं असतं. दिला तर काहीतरी होईल ही भीती, नाही दिला तर लपून घेईल ही भीती. नक्की कितव्या वर्षी द्यावा?

ताई,

वयाचा आकडा मी देणार नाही. टाळते आहे असं समजू नका, त्या आकड्याचा तुम्हाला उपयोगच होणार नाही म्हणून. जगात बघितलं तर हा आकडा कुठल्या कुठे जातो. माँटेसरीच्या वर्गात तीन वर्षांची मुलं बोथट, नागमोडी पात्याच्या सुरीने केळं कापतात. काँगोमधल्या एफे लोकांत अकरा महिन्यांचं बाळ मोठ्या कोयत्याने फळ कापतंय आणि मागे घरातलं माणूस लक्ष ठेवून बसलंय, हे बार्बरा रोगॉफ या संशोधक बाईंनी नोंदवून ठेवलंय. आणि दुसरीकडे इंग्लंडमध्ये अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला दुकानात साधा स्वयंपाकाचा चाकू विकत मिळत नाही. मुलं तर सगळीकडची सारखीच, मग एवढा फरक कशाचा, तर शेजारी मोठं माणूस किती जवळ आहे आणि किती वेळ बसणार आहे याचा. म्हणून तुमच्या नवऱ्याचं बारा आणि तुमच्या भावाचं आठ, दोन्ही मी बाजूला ठेवते, आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य उचलते.

चिडला की हातात असेल ते फेकतो.

हे वाक्य महत्त्वाचं आहे. धांदरट आहे ते चालेल, खरंच चालेल, धांदरट मुलं चाकू हातात आल्यावर कितीतरी वेळा शांत होतात कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना खरी वस्तू दिलेली असते आणि तिच्याकडे बघावंच लागतं. पण फेकणं वेगळं. फेकणाऱ्या मुलाला समजत नाही असं नसतं, शांत असताना विचारलं तर तो सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवेल, प्रश्न एवढाच की राग आल्यावर पहिले दोन सेकंद हात त्याच्या ताब्यात असतो का. तो नसेल तर आज पॉकेट नाईफ नाही, आणि हे कारण त्याला तसंच सांगा. "तू लहान आहेस" म्हणू नका, त्यावर त्याला काहीच करता येत नाही, वय काय ढकलून वाढत नाही. "राग आल्यावर हातातली वस्तू खाली ठेवायला जमलं की देऊ" हे सांगितलंत तर त्याच्या हातात काहीतरी आहे. आणि एखाद दिवशी तो चिडलेला असताना त्याने रिमोट किंवा पेन्सिल आपटायच्या ऐवजी नुसती ठेवली आणि मग पाय आपटत गेला, तर तो दिवस लक्षात ठेवा आणि त्याला नंतर सांगा की मी बघितलं.

तयार आहे की नाही हे ओळखायला चाकू लागतच नाही, कात्री पुरते. त्याला पुठ्ठा कापायला द्या, जाड, जरा जोर लागेल असा, आणि स्वतः काहीतरी काम करत बाजूला बसा. मग मध्येच साध्या आवाजात त्याला हाक मारा. काही मुलं कात्री चालू ठेवूनच तुमच्याकडे बघतात. काही कात्री हातात उभी धरून, हातवारे करत बोलायला लागतात. आणि काही मुलं आधी हात थांबवतात, कात्री टेबलावर ठेवतात, आणि मग मान वळवतात. हे तिसरं जे आहे ना, तेवढंच मला बघायचं असतं. माझ्या भाचीला हे सहाव्या वर्षी येत होतं आणि तिच्या मोठ्या भावाला नवव्या वर्षीही येत नव्हतं, त्याला मुद्दाम शिकवावं लागलं. शिकवता येतं हे, खेळासारखं, "थांब" म्हटलं की हात जिथे असेल तिथे गोठवायचा.

अजून एक बघा, ग्लास फुटला, काही सांडलं, तर तो येऊन सांगतो का लपवतो? लपवत असेल तर आधी त्याच्यावर काम करा, आणि ते काम बरंचसं तुमच्याकडचं आहे. सांगितल्यावर ओरडा मिळतो असं त्याला वाटत असेल तर बोट कापल्यावरही तो खिशात हात घालून बसेल. चाकूच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती त्या लपवलेल्या बोटाची वाटते.

आता सुरुवात कुठून, तर त्या घडीच्या चाकूपासून अजिबात नाही. सुरुवात ओट्यापासून. आणि हे तुम्ही याच आठवड्यात करू शकता, तो फेकतो तरीसुद्धा, कारण इथे तुम्ही हाताच्या अंतरावर उभ्या असणार, सुरी तुम्ही देणार आणि तुम्ही परत घेणार, आणि चिडका दिवस असेल त्या दिवशी सुरी निघणारच नाही. लहान सुरी घ्या, दहा-बारा सेंटीमीटर पात्याची, टोक गोल असलेली मिळाली तर उत्तम, आणि मूठ त्याच्या मुठीत नीट बसेल अशी. मोठ्यांची जाड मूठ लहान हातात फिरते, आणि फिरली की पातं वाकडं जातं. बोर्डाखाली ओला फडका घाला म्हणजे तो सरकणार नाही. त्याला स्टुलावर उभं करा, बोर्ड साधारण त्याच्या कोपराच्या थोडा खाली यायला हवा, कारण खांदे वर उचलून कापणाऱ्या मुलाचा हातावर ताबा राहत नाही. स्टूल डगमगता नको, हे वेगळं सांगायला नको पण सांगते.

आणि सुरीला धार हवी. इथे बहुतेक आईवडील उलटं करतात, पोर लहान म्हणून घरातली सगळ्यात बोथट सुरी देतात. केळं आणि पिकलेल्या मऊ फळांना बोथट चालतं, पण काकडी, गाजर, टोमॅटो आला की बोथट सुरी आत जात नाही, मग मूल जोर लावतं, मग ती सालावरून सटकते आणि सगळा जोर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटांवर येते. धारेची सुरी जिथे ठेवली तिथे जाते, कमी जोरात जाते. तिने कापलं तरी कापाची कडा स्वच्छ असते आणि ती जखम लवकर भरते. तेव्हा पहिले काही दिवस मऊ गोष्टी आणि करवतीसारखी प्लास्टिकची सुरी, ती अंगाला सहसा कापत नाही पण फळभाजी कापते, आणि हात बसला की सरळ खरी, धारेची. मधली बोथट पायरी गाळा.

तुम्ही कुठे बघायचं? आपलं सगळ्यांचं लक्ष सुरीच्या हाताकडे जातं. तुम्ही दुसऱ्या हाताकडे बघा. कापतो तो हात सहसा कापला जात नाही, कापला जातो तो धरणारा हात. त्याला दोन पकडी शिकवा. एक पुलाची, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, मध्ये कमान, आणि सुरी त्या कमानीच्या खालून जाते. ही अर्ध्या करायच्या गोष्टींसाठी. दुसरी पंजाची, बोटांची टोकं आत वळवलेली, नखं पदार्थावर टेकलेली, पेरं पुढे, अंगठा मागे लपलेला. सुरीचं सपाट अंग त्या पेरांना घासत खाली येतं. मुलांचा अंगठा नेहमी बाहेर येतो, नेहमी, दहा मिनिटांनी लक्ष उडालं की पहिला अंगठा बाहेर. तो बाहेर यायला लागला की त्या दिवसाचं कापणं संपलं असं समजा, रागावू नका, "आज हात दमला" म्हणा आणि सुरी धुवायला घ्या. आणि गोल वस्तू आधी मधोमध तुम्ही कापून द्या आणि सपाट बाजू खाली ठेवायला सांगा, गडगडणारं गाजर कापणं मोठ्यांनाही धड जमत नाही.

नियम थोडे ठेवा पण ते कधीही न मोडणारे. सुरी घेऊन चालायचं नाही. कुणाला हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्याने तिथून उचलायची. पडली तर पकडायला जायचं नाही, हात वर करून मागे व्हायचं, हे मुद्दाम चमचा पाडून सराव करून घ्या कारण पडती वस्तू झेलणं हे मुलांच्या अंगात मुरलेलं असतं, आपणच त्यांना शाबासकी देऊन शिकवलेलं असतं. फेसाच्या पाण्यात सुरी बुडवून ठेवायची नाही. एवढं बास. वीस नियम सांगितले तर त्याला एकही आठवणार नाही. आणि हो, तुम्ही स्वतः हातात सुरी घेऊन नवऱ्याशी हातवारे करत बोलत असाल तर ते आजपासून बंद, तो तेच शिकणार.

आता तो मामाचा चाकू. तुमच्या भावाने प्रेमाने दिला, त्याचं म्हणणंही चूक नाही, पण पहिला चाकू म्हणून घडीचा चाकू सगळ्यात अवघड. बऱ्याच पॉकेट नाईफना लॉक नसतं, मागच्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं राहतं. मूल लाकडात टोक खुपसतं किंवा पात्याच्या पाठीवर दाब देतं, आणि पातं मिटतं, बोटांवर. शिवाय उघडताना नख अडकवून ओढायचं असतं, लहान नखांना ते जमत नाही, मग मूल मूठ पोटाशी धरून झटका देतं. उघडून बघा, लॉक आहे का. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या बहुतेक चाकूंना मानेशी फिरणारी लोखंडी कडी असते, 1955 पासून, ती फिरवली की पातं अडकतं, आणि त्यांचा लहान मुलांसाठीचा गोल टोकाचा चाकूही आहे, व्हिक्टोरिनॉक्सचाही आहे गोल टोकाचा. पण लॉक असलं तरी लॉक उघडताना बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत हे शिकावं लागतंच. म्हणून लाकूड तासायचंच असेल तर माझं मत, आधी न मिटणारा, म्यानात राहणारा छोटा चाकू, मुठीपुढे बोट अडवायला गार्ड असलेला. स्वीडनच्या मोरा चाकूंमध्ये मुलांसाठी असे येतात. तिथे उघडणं-मिटणं हा धोकाच नाही, एकच गोष्ट शिकायची, पातं कुठे जातंय.

आणि त्याच्याही आधी बटाट्याचा पीलर. खरंच. ओल्या मऊ फांदीची साल पीलरने काढायला द्या, अंगापासून लांब, पुढच्या दिशेने. काढायला शिकला की चाकूची हालचाल त्याला ऐंशी टक्के आली. नाहीतर अंघोळीच्या साबणाची वडी कोरायला द्या, साबण मऊ असतो, जोर लागत नाही, आणि हातून वाईट झालं तरी वापरून टाकता येतो. सुकलेलं कडक लाकूड देऊ नका, त्यात जोर लागतो आणि गाठ आली की चाकू उडतो.

तासताना तो बसला पाहिजे. उभ्याने नाही, चालताना तर नाहीच. आणि मांडीवर लाकूड ठेवून तासायचं नाही, हे त्याला सगळ्यात आधी सांगा. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, तिथला काप घरच्या पट्टीने थांबत नाही. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून हात पुढे काढून बसायचं म्हणजे पातं सुटलं तरी समोर हवेत जातं, किंवा अंगाच्या बाहेरच्या बाजूला वळून काम करायचं. सुरू करायच्या आधी हात ताणून, चाकू म्यानातच ठेवून, गोल फिरायचं, त्या गोलात कुणी आलं तर चाकू बंद. स्काऊटमध्ये याला 'ब्लड सर्कल' म्हणतात, नाव भयंकर आहे पण मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. कापापासून वाचवणारा हातमोजा घालायचा असेल तर तो धरणाऱ्या हातात, चाकूच्या हातात नको, तिथे मोज्याने पकड ढिली होते. आणि मोजा कापाला अडवतो, टोचण्याला फारसा नाही, त्यामुळे मोजा आहे म्हणून तुम्ही उठून जाऊ नका.

कापेल का? कापेल. कधीतरी बोट कापणार, मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. म्हणून तो पहिला काप होण्याआधी त्याला काय करायचं ते शिकवा, चाकू देण्याच्या आधी, कारण ज्या मुलाला रक्त थांबवता येतं ते घाबरून चाकू भिरकावत नाही. चाकू खाली. मोठ्यांना हाक. वाहत्या पाण्याखाली बोट. मग स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात वर, पूर्ण दहा मिनिटं, मध्ये उघडून बघायचं नाही, सगळे दर मिनिटाला उघडून बघतात आणि म्हणून रक्त थांबत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी थांबलं नाही, जखमेचे ओठ उघडे राहिले, बोट वाकत नाही किंवा बधिर वाटतंय, तर डॉक्टर, लगेच. त्याच्या धनुर्वाताच्या लसी वेळेवर झाल्यात ना ते आजच बघून ठेवा.

तो लपून घेईल ही तुमची भीती, तिच्याबद्दल. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या संशोधक बाईंनी 2007 मध्ये मुलांच्या धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार मांडले, उंच चढणं, वेगात जाणं, दंगामस्ती, आगीपाण्याजवळ खेळणं, एकट्याने भटकणं, आणि त्यातलाच एक धोक्याची हत्यारं वापरणं. म्हणजे हे आकर्षण तुमच्या मुलाचं खास नाही, मुलं हे शोधतच असतात. बारा वर्षांपर्यंत कपाट म्हणजे चार वर्षं तो त्या कपाटाकडे बघणार, आणि एकदा घरी कुणी नसताना ते उघडणार, काही न शिकता. म्हणून कपाट राहू दे, कुलूपही राहू दे, धाकटीसाठी तर हवंच, पण त्या कपाटापर्यंत जाणारा रस्ता त्याला दिसला पाहिजे. आत्ता ओट्यावर सुरी, मग पीलर आणि फांदी, मग म्यानाचा चाकू तुमच्यासमोर, मग मामाचा. प्रत्येक पायरीला किती दिवस हे तो ठरवेल, तुम्ही नाही, आणि मामा तर नाहीच. अमेरिकेतल्या स्काऊट मुलांना चाकू वापरायचं एक कार्ड मिळतं, टोटिन चिप म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी नियम मोडला की कार्डाचा एक कोपरा कापतात, चारही गेले की कार्ड गेलं, परत शिकून मिळवायचं. मला हे आवडतं कारण त्यात आरडाओरडा नाही. तुम्हीही घरी असं काहीतरी करा, फेकलं, एक कोपरा गेला. तो रडेल, रडू दे.

तुमच्या नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या, पण त्यांना पटवायला जाऊ नका. त्यांना एक काम द्या, रविवारी अर्धा तास मुलाच्या शेजारी बसायचं आणि तो काकडी कापताना फक्त डाव्या हाताकडे बघायचं. (मुलगा डावखुरा असेल तर उजव्या, आणि मग एका बाजूनेच धार लावलेली सुरी त्याला देऊ नका, बहुतेक तशा सुऱ्या उजव्यांसाठी असतात आणि डाव्या हातात तिरक्या जातात.) घाबरणाऱ्या माणसाला शेजारी बसवलं की त्याला धोका नेमका कुठे आहे ते दिसतं, लांबून सगळाच चाकू धोका वाटतो. एक अट मात्र, बसणाऱ्याने फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. ज्या दिवशी घरात कुणाकडेच तसा अर्धा तास नाही त्या दिवशी मुलगा कितीही तयार असला तरी सुरी काढायची नाही, हे दोघांनी आपसात ठरवून टाका.

धाकटीचं सोपं आहे असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या सगळ्या प्रश्नातलं अवघड आहे. पाच वर्षांची मुलगी दादाचा हात ओढते, मध्येच डोकं घालते. तिला बाहेर काढलंत तर ती अजून हट्टाने येईल. तिला त्याच वेळी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तिचं स्वतःचं काम द्या, केळं आणि प्लास्टिकची सुरी, तिचा वेगळा बोर्ड, तिचा वेगळा ओला फडका. मधलं अंतर दोघांचे हात ताणले तरी पोचणार नाहीत एवढं. पहिले काही दिवस दोघांना एकत्र बसवूच नका, एक मोठं माणूस दोन मुलांच्या हाताकडे बघू शकत नाही. आणि मुलाला सांगा की सुरी वापरून झाल्यावर ती तुमच्या हाती परत येईपर्यंत तो तिच्यापासून हलणार नाही, तहान लागली तरी. धाकट्यांना लागतं ते दादा "एक मिनिट" म्हणून उठतो तेव्हा.

भावाला फोन करा, चाकू मिळाला म्हणून सांगा आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा धार लावायला शिकव म्हणा, मुलाला नाही, आधी तुम्हाला. कारण बोथट झालेला चाकू तो एक दिवस तुमच्याकडेच घेऊन येणार आहे.

तुमची,
ताई